२५ एकर आणि शंभर डॉलरची अट: हॅरिएट टबमन यांच्या वृद्धाश्रमाचं प्रकरण

हॅरिएट टबमन हे नाव आपल्याकडे ऐकलेलं असतं ते गुलामांना पळवून नेणारी धाडसी बाई म्हणून. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १८२२ च्या सुमारास गुलामीत जन्म, १८४९ मध्ये स्वतः पळून गुलामी नसलेल्या उत्तरेत, मग जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे तेरा खेपांत सत्तरेक माणसं सोडवली, अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) हेरगिरी आणि शुश्रूषा केली. शाळेच्या धड्यात एवढं येतं आणि धडा संपतो. त्यानंतर बाई १९१३ पर्यंत जगल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या वेशीवर त्यांनी जमीन घेतली, भाजीपाला पिकवला, डुकरं पाळली, भाडोत्री ठेवले, अंगणात विटा पाडून घेतल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर लिलावात बोली लावून आणखी २५ एकर घेतले. कशासाठी, तर वृद्धाश्रमासाठी.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं आहे. ज्येष्ठांसाठी निवास काढायचा म्हणणारी माणसं हल्ली पुष्कळ भेटतात आणि त्यांतली बहुतेक पहिल्या भेटीत जागेबद्दल बोलतात. गावाबाहेर दोन एकर आहेत, वडिलोपार्जित वाडा रिकामा पडला आहे, एक दानशूर गृहस्थ प्लॉट द्यायला तयार आहेत. जागेचा प्रश्न सुटला की पुढचं आपोआप मार्गी लागेल, असा सूर असतो. टबमनबाईंकडे जागा होती, देशभर नाव होतं, मोठमोठ्यांच्या ओळखी होत्या. तरी लिलावापासून संस्थेचं दार उघडेपर्यंत १२ वर्षं गेली आणि दार उघडलं तेव्हा त्यावरचा नियम बाईंच्या इच्छेच्या नेमका उलट होता.

पहिले सात एकर

बाईंची पहिली जमीनखरेदीही म्हाताऱ्या माणसांसाठीच झाली. १८५७ मध्ये त्यांनी आपल्या आईवडिलांना मेरीलँडमधून काढून कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला नेलं. वडील बेन रॉस तोवर कायद्याने मुक्त झालेले होते. आई रिट यांना त्यांनी १८५५ मध्ये वीस डॉलर मोजून आपल्याच बायकोची खरेदी करून सोडवलं होतं. पण पळून जाणाऱ्यांना आसरा दिल्याच्या संशयावरून बेन यांच्या अटकेची वेळ आली, तेव्हा लेक येऊन दोघांना घेऊन गेली. कॅनडातली थंडी म्हाताऱ्यांना सोसेना. त्यांची कुरकुर सुरू झाली.

१८५९ मध्ये ऑबर्नचे सिनेटर विल्यम सीवर्ड यांनी (हे पुढे लिंकनचे परराष्ट्रमंत्री झाले) गावाच्या कडेची सात एकर जमीन घरासकट बाईंना विकली. किंमत १,२०० डॉलर. रोख फक्त २५ डॉलर, उरलेले तिमाही १० डॉलरच्या हप्त्याने, व्याज वेगळं. हे हप्ते पाहिले तर ११७५ डॉलरचं मुद्दल फिटायला २९ वर्षांहून जास्त लागली असती. कोणत्याही सावकाराने असा व्यवहार केला नसता. आणि तेव्हा कायदा काय होता? १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतही पकडून मालकाच्या हवाली करता येत होतं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिक मानायलाच नकार दिला होता. म्हणजे कायद्याच्या नजरेने एक मालमत्ता दुसरी मालमत्ता विकत घेत होती. खरेदीखतावर विसंबून राहावं अशी परिस्थितीच नव्हती. व्यवहार झाला तो दोन माणसांच्या शब्दावर.

बाईंची धंद्याची रीत इथे पहिल्यांदा दिसते. हातात रोकड नसताना नावावर उचल करायची, जमीन पदरात पाडून घ्यायची आणि मग फेडीच्या मागे लागायचं. ही रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. तिचे फायदे मोठे होते. तोटेही.

घर चालायचं कसं

बाईंना धंद्याची दृष्टी नव्हती असं जे अधूनमधून भोळ्या कौतुकाने लिहिलं जातं, ते मला पटत नाही. युद्धाच्या काळात दक्षिण कॅरोलिनातल्या ब्यूफर्टला त्या सैन्याबरोबर होत्या. पगाराचा पत्ता नव्हता. दिवसा हॉस्पिटलात काम करून रात्री जिंजरब्रेड आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला अमेरिकी पदार्थ) भाजायच्या, रूट बिअर (मुळांपासून केलेलं पेय) करायच्या आणि नुकत्याच सुटलेल्या एखाद्या माणसाला मजुरी देऊन छावणीत ते विकायला पाठवायच्या. सरकारकडून जे काही २०० डॉलर हाती आले, त्यांतून त्यांनी धुण्याची जागा बांधली. सुटून आलेल्या बायकांनी सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवावेत म्हणून. भांडवल कुठे घातलं की मिळकत चालू होते, हे कळणारी बाई होती ती.

ऑबर्नच्या घरात मात्र मिळकतीच्या पुढे खर्च धावत असे. आईवडील होते, भाऊ आणि त्यांची मुलंबाळं होती आणि त्याशिवाय दारात येईल तो. आंधळे, पांगळे, अनाथ पोरं, दक्षिणेतून आलेले निराधार म्हातारे. कोणी राहायचे पैसे देई, बहुतेक देत नसत. युद्धानंतरच्या एका कडक हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली, बाई आजारी, घरात काही उरलं नाही. आईची चहा-तंबाखूची ददात आणि त्यावरून चाललेली बडबड. बाई बर्फ तुडवत गावात एका मैत्रिणीकडे गेल्या. तिथे इकडून तिकडे येरझारा घालत राहिल्या, बोलवेना. शेवटी विचारलं, सोमवारपर्यंत पाव डॉलर उसना मिळेल का? मैत्रिणीने आणि इतरांनी घरात सामान भरून दिलं. सोमवारी बाई तो पाव डॉलर परत करायला हजर.

हा प्रसंग मी इथे घेतला तो करुण आहे म्हणून घेतलेला नाही. सात एकरांची मालकीण पाव डॉलरसाठी दुसऱ्याच्या दारात उभी आहे, हे या प्रकरणाचं पहिलं निदान आहे. जमीन होती, खेळतं भांडवल नव्हतं. सेरा ब्रॅडफर्ड या ओळखीच्या लेखिकेने बाईंचं चरित्र लिहून त्याचं सुमारे १,२०० डॉलरचं उत्पन्न त्यांना दिलं, तेव्हा कुठे कर्जाचं ओझं जरा हलकं झालं.

१८६९ मध्ये त्यांनी नेल्सन डेव्हिस यांच्याशी लग्न केलं. युद्धात लढलेला माणूस, वयाने वीसेक वर्षांनी लहान, आधी त्यांच्याच घरात भाड्याने राहणारा. विटा पाडणं हे त्यांचं काम. जमिनीत चांगली माती होती, त्यामुळे अंगणात वीटभट्टी लागली. अलीकडे सिरॅक्यूज विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी त्या आवारात उत्खनन केलं, त्यात भट्टीच्या खुणा सापडल्या. जुनं लाकडी घर आगीत गेल्यावर त्याच जागी विटांचं घर बांधलं गेलं. ते आजही उभं आहे. पण नेल्सन यांना क्षय होता आणि अंगमेहनतीच्या कामात क्षयाच्या माणसाचा भरवसा किती धरायचा? १८८८ मध्ये ते वारले.

सोन्याची भूल

एक प्रकरण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८७३ मध्ये दोन माणसं ऑबर्नला आली. युद्धात दक्षिण कॅरोलिनात पुरलेलं सोनं हाती लागलं आहे, बाजारात उघड विकता येत नाही, २,००० डॉलरच्या नोटा द्या आणि ५,००० चं सोनं घ्या. बाईंच्या भावाला हे आधी पटलं, मग बाईंनाही. त्यांनी अँथनी शायमर नावाच्या गावातल्या धनिकाला राजी करून नोटा उभ्या केल्या आणि स्वतः रात्री ठरल्या जागी गेल्या. क्लोरोफॉर्म हुंगवून, हातपाय बांधून, तोंडात बोळा कोंबून चोर नोटा घेऊन पसार झाले.

गावात हसं झालं. चरित्रकार यात बाईंचा भोळेपणा पाहतात. मला दिसतो तो रोकडीचा दुष्काळ. हप्ते, कर, पंधरा माणसांचं जेवण आणि उत्पन्न भाजी-लोण्याचं, अशा घरात एकरकमी पैशाचं आमिष फार मोठं वाटतं. भलीभली संस्था अशाच वेळी कोणाच्या तरी 'स्कीम'मध्ये पैसे घालते. आणखी एक बाजू आहे. दक्षिणेत सैन्याच्या धामधुमीत मालकांनी दागिने आणि सोनं खरोखर पुरलं होतं, हे बाईंनी तिथे राहून पाहिलं-ऐकलं होतं. त्यामुळे गोष्ट अगदीच अशक्य वाटली नसणार.

पेन्शन: उशिरा आलेलं उत्पन्न

बाईंनी युद्धात केलेल्या कामाचे पैसे मिळावेत म्हणून अनेकांनी खटपट केली. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृहाने २,००० डॉलरचं विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते बारगळलं. १८९० च्या कायद्याने सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागलं, तेव्हा बाईंनी नेल्सन यांची विधवा म्हणून अर्ज केला. त्यात अडचणी अशा: नवऱ्याचं नाव सैन्याच्या नोंदीत वेगळं, लग्न झाल्याचा पुरावा हवा, शिवाय पहिला नवरा मेला होता याचाही. प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रं. आपल्याकडे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या टेबलापुढे जी बाई उभी राहिली असेल, तिला हे वेगळं सांगायला नको. १८९५ मध्ये महिना आठ डॉलर मंजूर झाले आणि थकबाकीची काही रक्कम एकदम हाती आली.

१८९९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रक्कम महिना २० डॉलर केली, तीही घासाघीस करून: विधवा म्हणून आठ आणि परिचारिका म्हणून बारा. हेर आणि मोहिमेतली वाटाड्या म्हणून शून्य. दोन जून १८६३ च्या कंबाही नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक माणसं एका रात्रीत गुलामीतून सुटली, त्या मोहिमेत बाई पुढे होत्या. पण लष्करी कामाचं पेन्शन बाईला द्यायचं तर पायंडा पडेल ना!

या पेन्शनचं महत्त्व मला वेगळ्या कारणासाठी वाटतं. बाईंच्या आयुष्यातलं हे पहिलं ठरावीक, दर महिन्याचं उत्पन्न. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे.

लिलाव

ऑबर्नच्या घराला लागून २५ एकर जमीन होती, इमारतींसकट. त्यावर वृद्ध आणि निराधार काळ्या माणसांसाठी घर काढायचं, हे बाईंच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. गरज खरीच होती. गोऱ्यांच्या खाजगी वृद्धाश्रमांत काळ्यांना सहसा प्रवेश नसे. उरे ते सरकारी गरीबखाना. त्याची धास्ती अशी की माणसं उपाशी राहतील पण तिथे जाणार नाहीत.

१८९६ मध्ये ती जमीन लिलावात निघाली. बाईंनी तो प्रसंग पुढे स्वतः सांगितला आहे. सभोवार सगळे गोरे, आणि मी म्हणजे दुधाच्या बादलीत पडलेली ब्लॅकबेरी. (आपल्याकडच्या बाईने करवंद म्हटलं असतं.) त्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या, बोली कोण लावतंय ते कोणाला दिसू नये म्हणून. बोली खालून सुरू झाली. बाई दर वेळी पन्नासने चढवत राहिल्या. बाराशे, तेराशे, चौदाशे, आणि कोपऱ्यातला आवाज पन्नासने वर. १,४५० ला बाकीचे थांबले. लिलाव पुकारणाऱ्याने विचारलं, घेणारं कोण? बाई ओरडल्या, हॅरिएट टबमन.

खिशात पैसे नव्हते. त्या वेळचं आठ डॉलरचं पेन्शन धरलं तर १,४५० डॉलर म्हणजे पंधरा वर्षांचं सगळं पेन्शन. पण निव्वळ जमिनीचा सौदा म्हणून पाहिलं तर खरेदी चोख होती. सात एकरांना एकरी १७० डॉलरच्या वर पडले होते, इथे एकरी ५८. दोन्हीकडे बांधकाम होतं, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही, तरी फरक तिपटीचा आहे. १८९३ च्या आर्थिक घबराटीनंतर देशात मंदी चालू होती. अशा काळात लागून असलेली जमीन एकदा दुसऱ्याच्या हाती गेली तर परत येत नाही, हे शेतकरी घरातल्या कोणालाही कळतं. आपल्या बांधाला लागलेला तुकडा निघाला की माणूस कर्ज काढून तो घेतो. पन्नासची चढण आणि लपलेला चेहरा, हेही हिशेबी होतं. समोरच्याला घेणारी कोण हे कळलं असतं, तर काहींनी चेष्टेने आणि काहींनी ईर्ष्येने बोली वाढवली असती.

मग बाई पैशाच्या मागे लागल्या. ए. एम. ई. झायन चर्च, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये काळ्या मेथडिस्टांनी गोऱ्यांच्या चर्चमधून बाहेर पडून स्थापलेला पंथ, त्याच्या लोकांनी वर्गणी जमवली. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे जमीन गहाण.

देऊन टाकली

पुढची सात वर्षं व्याज आणि कराची. बाई ठिकठिकाणी सभांना जात, मदतीचं आवाहन करीत. १८९७ मध्ये बॉस्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या मंडळींनी त्यांच्या सन्मानाचे समारंभ ठेवले. तिथे जायला गाडीचं तिकीट काढायचं, तर बाईंना गाय विकावी लागली. दुभती मिळकत विकून सत्काराला जावं लागणं यावरून, आयोजकांच्या व्यवहारज्ञानाबद्दल जे म्हणायचं ते वाचकांनी म्हणावं.

१९०३ मध्ये बाईंनी ते २५ एकर चर्चच्या नावे करून दिले. गहाणाचा आणि करांचा बोजाही चर्चकडे गेला. स्वतःचं सात एकरांचं घर त्यांनी आपल्याकडे ठेवलं. दुसरा मार्ग नव्हता हे उघड आहे. ऐंशीच्या घरातली बाई, कर्जातली जमीन, वारस म्हणजे भाचे-पुतणे. जमीन संस्थेकडे गेली नसती तर जप्तीत गेली असती.

२३ जून १९०८ ला वाजतगाजत 'हॅरिएट टबमन होम' उघडलं. बाई मिरवणुकीत मानाने होत्या.

शंभर डॉलर

चर्चने नियम केला: प्रवेशासाठी शंभर डॉलर भरायचे.

बाई भडकल्या. त्यांची तक्रार नोंदलेली आहे. ज्याच्याजवळ शंभर डॉलर नाहीत त्याने येऊ नये असा यांनी नियम केला. मला नियम करायचा होता तो असा, की ज्याच्याजवळ काही म्हणजे काहीच नाही त्यानेच आत यावं.

चर्चला खलनायक करणं सोपं आहे. मी करणार नाही. त्या काळी अमेरिकेतल्या खाजगी वृद्धाश्रमांची हीच चाल होती. प्रवेशाला एकरकमी पैसे, वर काही मालमत्ता असेल तर ती संस्थेच्या नावावर, आणि त्या बदल्यात मरेपर्यंत सांभाळ. चर्चही श्रीमंत नव्हतं. त्याचे सभासद म्हणजे धुणी-भांडी करणाऱ्या बायका आणि मोलमजुरी करणारे पुरुष. गहाण फेडायचं, छत दुरुस्त करायचं, स्वैपाकीण आणि मेट्रन ठेवायची, तर पैसे आणायचे कुठून?

फिलाडेल्फियात १८६४ मध्ये वृद्ध आणि दुर्बळ काळ्या माणसांसाठी असंच एक घर निघालं होतं. त्याला क्वेकर पंथीयांचा आधार होता आणि स्टीफन स्मिथ नावाच्या काळ्या लाकूड व्यापाऱ्याने त्याला जमीन आणि मोठी देणगी दिली होती. स्मिथही गुलामीत जन्मलेले, पण व्यापारात गबर झालेले. त्यांनी जमिनीबरोबर पैसाही दिला. ऑबर्नला जमीन आली आणि तिच्या पाठोपाठ कर्ज.

आता थोडं गणित. यातले व्याजाचे आणि खर्चाचे आकडे मी धरलेले आहेत, बाकीचे खरे.

समजा चर्चने निम्मी जमीन खरेदीच्याच भावाने विकून कायम निधी केला असता. साडेबारा एकरांचे ७२५ डॉलर. पाच टक्क्यांनी वर्षाला ३६ डॉलर. दर माणशी आठवड्याला एक डॉलर इतका कंजूष खर्च धरला तरी एका माणसाचे वर्षाला ५२ होतात. म्हणजे निम्मी जमीन विकूनही एक म्हातारा पोसला जात नाही.

आता शंभर डॉलरची अट बघा. ती रक्कम निधीत ठेवली तर वर्षाला पाच डॉलर व्याज. मोडून खाल्ली तर दोन वर्षांच्या आत संपते. मग तिसऱ्या वर्षी काय? पुन्हा देणगीदाराचंच दार. म्हणजे त्या अटीने खर्चाचा प्रश्न सुटतच नाही. ती फक्त कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, एवढं ठरवते. बाईंना नेमकं हेच झोंबलं होतं आणि त्यांचं म्हणणं भावनेचं म्हणून बाजूला सारलं गेलं असावं. हिशेबानेही ते बरोबर होतं.

अर्थात बाईंच्या नियमानेही संस्था चालली नसती. दहा निराधार म्हणजे वर्षाला ५२० डॉलर, आणि बाईंचं स्वतःचं वाढीव पेन्शन वर्षाला २४०.

मधली वाट होती असं मला वाटतं आणि ती बाईंच्या घरातच होती. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते. १९०८ पर्यंत त्यांतले हयात म्हातारे आणि अनेकांच्या विधवा पेन्शन घेत होत्या. महिना बारा डॉलर मिळणाऱ्या विधवेला (१९०८ मध्येच विधवांचं पेन्शन आठवरून बारा झालं होतं) एकदम शंभर भरणं अशक्य, कारण ते तिचं आठ महिन्यांहून अधिक काळाचं सगळं उत्पन्न. पण महिना चार डॉलर ती देऊ शकली असती. वर्षाचे ४८ झाले, जवळजवळ तिचा पूर्ण खर्च. अशा चार-पाच जणी असत्या तर वर्गणीचा पैसा ज्यांना काहीच नाही त्यांच्यासाठी मोकळा राहिला असता. एकरकमी अनामतीऐवजी महिन्याच्या मिळकतीतला वाटा, इतकीच गोष्ट. प्रत्येकाला पेन्शन नव्हतं हे खरं, शेतमजुरांना आणि मोलकरणींना तर नव्हतंच. पण कोणाकडून किती घ्यायचं हे दारात उभ्या असलेल्या माणसाची ऐपत बघून ठरवता येतं.

दुसरा मुद्दा कागदाचा. जमीन देताना प्रवेशाचा नियम कोण ठरवणार, हे बाईंच्या हातात राहिलं नाही, हे त्यांच्या तक्रारीवरूनच कळतं. देणगीपत्रात संस्थेचा उद्देश गोड भाषेत लिहिणं सोपं असतं. 'निराधार' म्हणजे कोण, किती जागा विनामूल्य, नियम बदलायचा तर कोणाची संमती, हे लिहून घेणं जड जातं, कारण घेणारा उपकारकर्त्याच्या भूमिकेत असतो आणि देणाऱ्याला घाई असते. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांना पुरेल असं घर काढण्याची तरतूद आहे, पण ती राज्य सरकार 'काढू शकेल' अशा भाषेत. त्यामुळे खाजगी निवासांत अनामत लाखांच्या घरात आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो देवळाच्या ओट्यावर, हे दृश्य आपल्याला परकं नाही.

शेवटची वर्षं

१९११ मध्ये बाई स्वतः त्या आश्रमात राहायला गेल्या. वर्तमानपत्रांनी त्या आजारी आणि कफल्लक असल्याच्या बातम्या दिल्या, तेव्हा मदतीचा ओघ पुन्हा सुरू झाला. शंभर डॉलरच्या नियमापुढे कफल्लक संस्थापिका उभी आहे, ही विसंगती तेव्हा कोणाच्या लक्षात आली असेल की नाही कोण जाणे. कागदोपत्री मात्र त्या कफल्लक नव्हत्या. सात एकर आणि विटांचं घर त्यांच्याच नावावर होतं. इथेही तेच: मालमत्ता आहे, रोकड नाही.

१० मार्च १९१३ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. आश्रम आणखी काही वर्षं रखडत चालला, मग बंद पडून इमारती मोडकळीला आल्या. चर्चने लाकडी इमारत पुन्हा उभी करून १९५३ मध्ये स्मारक म्हणून खुली केली. २०१७ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

सात एकरांचं मृत्युपत्र बाईंनी करून ठेवलं होतं आणि त्यात मोघम काही नव्हतं. तीन बायकांची नावं: एक पुतणी, एक नातपुतणी आणि तिसरी फ्रान्सिस स्मिथ, आश्रमाची मेट्रन, जिने शेवटच्या दिवसांत त्यांची सेवा केली होती. देण्यासारखं रोख काहीच नसलेल्या मालकिणीने मेट्रनचं देणं जमिनीत चुकतं केलं. घर पुढे दुसऱ्यांच्या मालकीचं झालं. १९९० मध्ये चर्चने ते विकत घेतलं.